दोनशे बारावं झाड

"एकशे सत्तेचाळीस... एकशे अठ्ठेचाळीस..."

"काय हो, कोनाले विचारून बगिच्यात शिरले?"

झाडाआडचा माणूस दचकला आणि त्याचा आकडा गेला. आचलने हसू दाबलं. संत्र्याला आंबिया बहार फुटला होता. त्याच्या केसांत, कॉलरवर, हातातल्या फाइलवर पांढऱ्या पाकळ्या पडल्या होत्या. बुलेट ट्रेनचा मोजणीवाला असाही असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं!

तो ईशान, अकोल्याचा. बडनेऱ्याजवळच्या या गावातून मुंबई-नागपूर बुलेट जाणार, असं दोन वर्षं नुसतं ऐकू येत होतं. आता आखणी थेट आचलच्या वडलांच्या, नत्थुजींच्या बागेतून आली होती, आणि किती झाडं जाणार ते त्याला लिहून न्यायचं होतं. नत्थुजींनी अट घातली, "माह्या पोरीनं तपासलं की मंग सही."

पोरीने तपासलं. त्याने दोनशे अकरा लिहिली होती, ती भरली दोनशे बारा. विहिरीमागचं एक सुटलं होतं. पुढच्या बुधवारी तो कागद दुरुस्त करून सहीसाठी पुन्हा आला, तेव्हा मात्र तिनेच खुसपट काढलं. त्याच्या पुढच्या बुधवारीही.

"तुम्हाला सही द्यायचीच नाही का?" त्याने विचारलं.

"काहून? अकोल्याले जायाची घाई हाय?"

"अजिबात नाही..."

तिने ओढणीवरच्या पाकळ्या झटकल्या. एकही नव्हती.

"गाडी झाली की अकोला इथून वीस मिनिटं," तो हळूच म्हणाला. "मग रोज येईन."

"न् भेटाचं कुठं? बाग तर तुमच्या रुळाखाली."

त्याने फाइल मिटली. ही झाडं तिच्या मायने डोक्यावर पाणी वाहून जगवली होती, हे त्याला ठाऊक होतं.

मग पुढाऱ्यांच्या गाड्या सुरू झाल्या. एकाने बडनेऱ्याला स्टेशन कबूल केलं, दुसऱ्याने इंचभर जमीन देणार नाही म्हणून सांगितलं, आणि चहा दोघांनीही नत्थुजींच्याच ओसरीवर घेतला. एप्रिलमध्ये बातमी आली. आखणी दहा किलोमीटर पलीकडे सरकली होती. बाग वाचली!

नत्थुजींनी गावभर पेढे वाटले. आचलनेही हसत वाटले, आणि विहिरीमागे जाऊन पोटभर रडली. बाग राहावी म्हणून तिनेच नवस बोलला होता. आता ईशानला इकडे यायला कारणच उरलं नव्हतं.

एक बुधवार गेला. दुसरा, तिसरा... मोजणीच्या कागदावर त्याचा नंबर होता. ती कागद उघडायची, नंबर वाचायची, पुन्हा घडी घालायची. त्याची फार फार आठवण येत होती, आणि सांगायचं कुणाला?

चौथ्या बुधवारी झाडांवर बोराएवढी संत्री लागलेली होती. विहिरीकडून आवाज आला.

"दोनशे दहा... दोनशे अकरा..."

ती धावलीच. त्याच्या हातात फाइल नव्हती. सदरा घामाने भिजलेला.

"पॅसेंजर दोन तास लेट होती," तो म्हणाला.

"आता काय मोजून राहिले? रेल्वे तर तिकडून गेली."

"हे रेल्वेचं नाही." त्याने विहिरीमागच्या झाडावर हात ठेवला. "हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, आचल. मुद्दाम लिहिलं नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तिने मान वळवली, पण जमलं नाही.

"बाबा घरी आहेत?" त्याने विचारलं. "त्यांचा होकार हवाय."

"त्यायची अट ठाव हाय ना? आंधी मी तपासनार."

"आणि चूक निघाली तर?"

"त पुढच्या बुधवारी पुना या."