निशाणाचा काठ

पेटीचं झाकण उघडलं आणि सुभेदार तसेच वाकलेले राहिले. आत नुसती पांढरी चादर होती. निशाण नव्हतं.

"सूनबाई, निशाण तू काढलंस का गं?"

सूनबाई तंबूच्या दारात कोणाची तरी उसवलेली बाही शिवत बसली होती. "नाही हो बाबा. तालीम सुरू झाल्यापासून मी या खुर्चीवरून उठलेसुद्धा नाही. माझ्यासमोरून आत कोणी गेलं नाही."

सुभेदार मटकन पेटीवर बसले.

ते काही खरे सुभेदार नव्हेत. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर. पण माळावरच्या या हौशी पलटणीचे ते म्होरके होते. पलटणीतला कोणी बस चालवायचा, कोणी औषधं विकायचा. वर्षभर पोटापाण्याचे उद्योग करायचे आणि वर्षातून एकदा जुन्या शिपायांचे कपडे चढवून याच माळावर कधीकाळी झालेली लढाई पुन्हा लढायची, हा त्यांचा नाद. त्या लढाईत सुभेदारांचे खापरपणजोबा होते. पहिल्याच फैरीत निशाणदार पडला, तेव्हा त्यांनी निशाण उचललं आणि ते शेवटपर्यंत खाली टेकू न देता घरी आणलं. उद्याच्या खेळात तेच निशाण मैदानावर फडकणार होतं, आणि खेळानंतर संग्रहालयाच्या तज्ज्ञबाई ते तपासून ताब्यात घेणार होत्या.

बाहेर कुजबुज सुरू झालीच. "म्हातारबुवांनीच लपवलं असेल. तज्ज्ञबाईंनी खोटं ठरवलं तर?"

सुभेदारांनी ते ऐकलं. त्यांचे कान तापले. "निशाण गेल्याचं दुःख मी गिळीन," ते म्हणाले, "पण उद्या लोक म्हणतील ते कधी नव्हतंच. आमच्या घराण्याची एवढी एकच अभिमानाची गोष्ट, तीच थाप ठरेल."

त्या तंबूत आजच्या काळातले कपडे घातलेला एकच पुरुष होता. ते भावोजी. भावोजींचं पादत्राणांचं दुकान. पलटणीचे काळे बूट त्यांच्याच दुकानातले, आणि ते रांगेत कसे वाजतात हे बघायला ते कडक इस्त्री करून आले होते. सोबत मेहुणी होती. ती खासगी तपासाची कामं करायची. लहानपणापासून कोणालाही टोचल्याशिवाय सोडत नसे, म्हणून घरचे तिला टाचणी म्हणत आणि आता सगळेच म्हणत.

"मेहुणीबाई, तुझंच काम निघालं," भावोजी म्हणाले. कौतुक त्यांना लपवता येत नसे.

टाचणीने आधी पेटी पाहिली. चांदीच्या टोकाची निशाणाची काठी तिथेच पडली होती.

"चांदी सोडून कापड नेलं," ती म्हणाली. मग तंबूची मागची बाजू पाहिली. तिथल्या दोन खुंट्या उपटून पुन्हा ढिल्या ठोकलेल्या होत्या. मागे झाडांची रांग होती आणि झाडांच्या कडेने एक चर जात होता. चराच्या तळाशी ओला चिखल होता, आणि चिखलात ठसे होते.

भावोजींनी पॅंट वर ओढून बैठक मारली. ठसे म्हणजे त्यांचा धंदा. बराच वेळ त्यांनी मान डावीकडे-उजवीकडे कलती केली, आणि मग त्यांचे डोळे चमकले.

"सगळे ठसे एकाच पायाचे आहेत! चोर लंगडी घालत आला."

"चोरी करायला? लंगडी घालत?"

"हसू नकोस. तीस वर्षं लोकांचे पाय बघतोय मी."

टाचणी हसली नाही. ती त्या ठशांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही फार मोलाचं काहीतरी सांगितलंत, भावोजी." भावोजींची छाती जरा पुढे आली.

तिने आधी सूनबाईला गाठलं. पलटणीतल्या अर्ध्या लोकांनी तिच्याकडेच बोट दाखवलं होतं.

"मला राग येतो का त्या निशाणाचा? येतो!" सूनबाई दोरा दाताने तोडत म्हणाली. "घरी पाहुणा आला की बाबा आधी निशाण दाखवतात, मग पाणी विचारतात. पण मी त्याला हात लावीन? काल संध्याकाळी सगळी पलटण बघायला आली होती, तेव्हा घडी मीच उलगडली. तीसुद्धा हात धुऊन, पुसून."

"काल कोण काय म्हणालं?"

"सगळे वा-वा करत होते. भिंगभाऊ तेवढे गप्प. भिंग लावून कितीतरी वेळ काठ बघत बसले. मला वाटलं, आता चुका मोजून दाखवतील. पण तोंडातून ब्र नाही. चहासुद्धा न घेता गेले."

भिंग म्हणजे पलटणीतला घड्याळजी. भावोजींच्या कपाळावर आठी पडली, कारण याच माणसाने सकाळी त्यांचा दिवस नासवला होता. तालमीआधी तो रांगेपुढून फिरला आणि त्याने एकेकाला फैलावर घेतलं. "मनगटावर घड्याळ? शत्रूला वेळ सांगणार का?" "पॅंटला चेन आहे, ती कोटाखाली झाक." "शर्टाला नीळ घालून आलास? महिनोन्महिने मोहिमेवर असलेला शिपाई ना तू?" मग त्याची नजर बुटांवर गेली. "आणि हे काय, ऑफिसात जायचे बूट!" भावोजींना भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. सूड म्हणून त्यांनी भिंगाचे बूट न्याहाळले. त्याने म्हणे मुद्दाम त्या काळच्या पद्धतीने घडवून घेतले होते. सरळसोट, बोथट नाकाचे, जणू एकाच साच्यातून काढलेले दोन ठोकळे. त्यात तो चक्क लंगडत होता. "असला जोड मी कारागिराला परत केला असता," भावोजी टाचणीच्या कानात पुटपुटले होते. बाकी नाव ठेवायला मात्र जागा नव्हती. भिंगाचा कोट अंगावर ओतल्यासारखा बसला होता आणि सगळी बटणं रांगेत होती.

आता पाळी चिरंजीवची होती. हा बसचालक. कितीही गोळ्या सुटल्या तरी मरत नाही, म्हणून हे नाव. त्याचं तोंड ओठांपासून हनुवटीपर्यंत काळं झालं होतं.

"हे काय हो?" भावोजींनी विचारलं.

"दारू. म्हणजे बंदुकीची," चिरंजीव हसला. "काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा आणि दारू नळीत ओतायची. शेवटपर्यंत लढलेल्याची खूण आहे ही."

"कधीतरी मरत जा की," टाचणी म्हणाली.

"कपडे शिवायचे, रजा काढायची आणि पहिल्या फैरीत आडवं व्हायचं? छे! पहिल्या फैरीत कोणीतरी मरा म्हणून सुभेदार दरवर्षी घसा कोरडा करतात, पण सगळे एकमेकांच्या पाठीमागे दडतात. आज मात्र नवल झालं. भिंग आपणहून म्हणाला, मी मरतो. आणि मेला कुठे? झाडाखाली, गार सावलीत! आम्ही सावलीत पडलो की तोच ओरडतो, गोळी काय सावली बघून लागते का म्हणून. आम्ही बाकीचे शेवटच्या फैरीत पडलो ते भर उन्हात."

"आम्ही? तुम्हीसुद्धा पडलात?"

"बाकीचे हो. मी उभा होतो."

"मध्येच चराकडे पळालेलं मी पाहिलं तुम्हाला," भावोजी करड्या आवाजात म्हणाले.

"टोपी उडाली होती साहेब. तुमचे बूट चांगले आहेत म्हणून पोचलो तरी."

स्तुती ऐकूनही भावोजी विरघळले नाहीत.

भिंग सगळ्यांपासून लांब एका दगडावर बसला होता. उकाड्याने बाकीच्यांनी कोट काढून खांद्यावर टाकले होते, पण त्याचा गळ्यापर्यंत बंद होता. तोंड स्वच्छ होतं. पोटावरचं एक बटण एका धाग्यावर लोंबत होतं.

"तुम्ही काही पाहिलंत?" टाचणीने विचारलं.

"मी मेलो होतो. मेलेल्याला काय दिसणार?"

"खरं आहे."

ती वळली, तेव्हा त्याने हळूच विचारलं, "सुभेदार कसे आहेत?"

"बसलेत. उठायचं नाव घेत नाहीत."

भिंगाने मान खाली घातली.

"चिरंजीवच!" भावोजी तिच्यामागे धावत म्हणाले. "चराकडे गेला, स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. परत येताना लंगडी घातली असेल."

"भावोजी, सगळ्यांना मैदानात बोलवा. जो जिथे मेला तिथे त्याने पुन्हा मरायचं."

लढाई तर त्यांनी पुन्हा-पुन्हा केली होती, पण तालमीची तालीम पलटणीने कधी केली नव्हती. कुरकुरत सगळे आडवे झाले. चिरंजीव ऐटीत उभा राहिला. भिंग झाडाखाली गेला आणि बळेच बसल्यासारखा खाली बसला. सुभेदार सूनबाईच्या आधाराने आले.

टाचणी मैदानाच्या मध्ये उभी राहिली.

"लढाई चालू असताना जिवंत माणसं सुभेदारांच्या डोळ्यांसमोर रांगेत होती. त्यांच्यातला कोणी चरातून तंबूत जाऊन पेटी उघडून परत येता तर रांगेत खिंडार दिसलं असतं. चिरंजीव टोपीसाठी गेले ते सगळ्यांनी पाहिलं, आणि लगेच परत आले तेही. जिवंत माणसावर सगळ्यांची नजर असते. मेलेल्याकडे कोण बघतं?"

तिने आडव्या पलटणीवरून बोट फिरवलं.

"तुमची तोंडं बघा. सगळी काळी. म्हणजे सगळ्यांनी काडतुसं फोडली. स्वच्छ तोंडं दोनच. एक सुभेदारांचं, कारण ते हुकूम देत होते. दुसरं अशा माणसाचं, जो एकही गोळी झाडायच्या आत मेला. सर्वांत जास्त वेळ त्याच्याकडे होता. पडायला त्याने जागाही चराच्या काठावर निवडली. बाकी कोणी सावलीत पडलं असतं तर मी म्हटलं असतं, आळशी आहे. पण सावलीत मरणाऱ्यांवर जो दरवर्षी ओरडतो, तो स्वतः सावलीत का मरेल?"

सगळ्यांच्या माना झाडाकडे वळल्या.

"पण ते ठसे?" भावोजींना राहवेना. "ते एका पायाचे होते!"

"ते कुठल्याच पायाचे नव्हते, भावोजी. त्या काळी शिपायाच्या बुटाला डावं-उजवं नसे. दोन्ही सारखे, हवा तो हव्या त्या पायात घाला. म्हणून डावा ठसा आणि उजवा ठसा सारखाच उमटला. पलटणीचे बाकीचे बूट तुमच्या दुकानातले, त्यांना डावं-उजवं आहे. असा जोड इथे एकाच माणसाच्या पायात आहे, आणि सकाळी तो तुम्ही स्वतः बघून नाकं मुरडली होती."

भावोजींनी कपाळावर हात मारून घेतला. ठोकळे! एकाच साच्यातले ठोकळे!

"भिंगभाऊ," टाचणीचा आवाज मऊ झाला, "तुमची एखादीही चूक असती तर तुम्ही सापडला नसता. तुमच्या अचूक बुटांनी तुम्हाला धरून दिलं. आणि तुमचं बटण लोंबतंय. अंगावर ओतलेल्या कोटाला आत आणखी कशाची तरी जागा करावी लागली."

भिंग उठला. त्याने एकेक बटण काढलं. पोटाभोवती व्यवस्थित गुंडाळलेलं निशाण होतं. त्याने ते दोन्ही हातांवर घेतलं आणि सुभेदारांपुढे धरलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"काठ बघा सुभेदार. सगळे टाके एकसारखे, घड्याळाच्या काट्यासारखे. शिवणयंत्राची शिवण आहे ती. त्या काळी असं यंत्र कुठल्या शिपायाच्या घरी? निशाण नंतरचं आहे. उद्या तज्ज्ञबाई हे सगळ्या गावासमोर म्हणणार, आणि तुम्ही खाली मान घालून उभे राहणार. ते मला बघवलं नसतं. त्या गेल्या की परत ठेवणार होतो."

"आणि तोवर लोक म्हणाले असते, म्हातारबुवांनीच लपवलं," टाचणी म्हणाली.

भिंगाचा चेहरा पडला. "हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

सुभेदार त्याच्याकडे बघत राहिले, आणि मग चक्क खो-खो हसायला लागले. हसता-हसता डोळे पुसू लागले.

"अरे वेड्या, एका शब्दाने विचारायचंस तरी! निशाण विरत चाललं होतं. माझ्या आईने कडेला नवीन पट्टी लावून तिच्या यंत्रावर काठ शिवला. मी तेव्हा चाक फिरवायला बसलो होतो. काठ आईचा आहे. आतलं निशाण जुनंच. लाव की भिंग मध्ये!"

भिंगाने भिंग डोळ्याला लावलं. सगळी पलटण त्याच्याभोवती गोळा झाली.

"वाकडे टाके," तो पुटपुटला. "जाड दोरा. लहान-मोठे, कसेही घातलेले. हे हाताचे आहेत. शिपायाच्या राकट हाताचे आहेत!" मग तो ओरडलाच, "यात चुकाच चुका आहेत, सुभेदार!" आणि चुका सापडल्याचा एवढा आनंद त्याला जन्मात झाला नव्हता.

"उद्या निशाणदार कोण?" सुभेदारांनी विचारलं. सवयीप्रमाणे सगळे एकमेकांच्या पाठीमागे सरकले, कारण निशाणदार पहिल्या फैरीत मरतो.

"भिंग," सुभेदार म्हणाले, "तू. पण उन्हात मरायचं."

दुसऱ्या दिवशी भिंग उन्हात मरण पावला. छातीवर गोळी घेतली आणि जिथे पडला तिथून शेवटपर्यंत पापणीही हलवली नाही. निशाण जमिनीला टेकायच्या आत सुभेदारांनी ते उचललं. गुडघे दुखत असलेला तो म्हातारा माणूस ते उंच धरून मैदानभर चालला, आणि भावोजींना आपल्या बुटांचा आवाज ऐकायचंही भान राहिलं नाही. त्यांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. लाज वाटून की काय, चिरंजीवसुद्धा त्या दिवशी मेला.

खेळ संपल्यावर तज्ज्ञबाई निशाणावर वाकल्या. मधल्या कापडावरून त्यांनी हळुवार नजर फिरवली आणि मान डोलावली. मग त्यांचं बोट काठावर थांबलं.

"हे मात्र नंतरचं आहे. हे काढून टाकावं लागेल."

भिंग पुढे झाला, पण सुभेदारांनी त्याला हाताने अडवलं. ते ताठ उभे राहिले, आणि त्यांचा आवाज माळाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला.

"बाई, ती माझ्या आईची शिवण आहे. खापरपणजोबांनी निशाण एक दिवस सांभाळलं, तिने जन्मभर. पाटीवर तिचंही नाव लिहा. काठ कोणी उसवायचा नाही."

बाईंनी बोट उचललं. "नाव सांगा," त्या म्हणाल्या.