बाहेर तोंड केलेल्या चपला

नविनला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जमीन हलत होती. हे मी लाडात येऊन सांगत नाहीये. खरोखरच हलत होती.

तलासरीच्या एसटी स्टँडसमोर एक स्लॅबचं हॉटेल आहे. दुपारी मी आतल्या टेबलावर भजी खात बसले होते. आधी जमिनीखालून तो आवाज आला, पोटात गुरगुरतं तसा. मग पाण्याचा ग्लास किणकिणला… आणि मी रस्त्यावर होते. मधलं काही आठवत नाही. हातात भज्यांची प्लेट, पायात एकच चप्पल. आतून हॉटेलवाले काका ओरडत होते, "बेसो, बेसो. कशू नथी." बसा, काही नाही म्हणे.

रस्त्यापलीकडे गुलमोहराखाली एक जण उभा होता. हातात चहाचा ग्लास आणि चेहरा असा निवांत, की जसं काही झालंच नाही.

"घाबरलात?" त्याने विचारलं.

"छे. भजी गरम होती, वाऱ्यावर आणली."

तो हसला. हसताना त्याचा एक गाल आधी वर जातो, ते मी तेव्हाच पाहून ठेवलं.

"आणि तुम्ही?"

"मी तर कधीचा इथेच उभा आहे."

त्याच्या मनगटावर एक लालभडक चट्टा होता. मी बघतेय म्हटल्यावर त्याने हात मागे घेतला. "वायरमन आहे. चालायचंच," म्हणाला. माझी दुसरी चप्पल आणायला तो आत गेला नाही, काकांना हाक मारून ती बाहेर फेकायला लावली. मला ते फार रुबाबदार वाटलं. आता हसू येतं.

धक्क्यांचं ते पहिलं वर्ष आमच्या डहाणू-तलासरीत कोणी विसरलेलं नाही. सायवनच्या पुढे आमचा पाडा आहे. आमच्या घराची मागची भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत चिरली, आणि तो हिवाळा आम्ही अंगणात ताडपत्रीखाली काढला. हळूहळू धक्के कमी झाले, माणसं घरात गेली. मी गेले नाही. मी आजही ओट्यावर निजते. उशाशी उपड्या तांब्यावर वाटी ठेवते, जमीन हलली की ती आधी वाजते. आणि चपला पायाशी, तोंडं बाहेर करून. पळायची वेळ आली तर चपला वळवत कोण बसणार?

डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात मी कामाला आहे. दिवसभर कानाशी फुगे फुटतात, मी मानसुद्धा वळवत नाही. पण डोक्यावर स्लॅब आला की माझी नजर दार शोधते.

"लग्न झाल्यावर नवऱ्याला काय ओट्यावर निजवशील?" आई विचारायची. हिराबाई तिचं नाव. भीती कशाशी खातात ते तिला ठाऊक नाही.

तर, नविन. आधी तो कारखान्याच्या गेटवर 'सहज' भेटायला लागला. मग आठवड्यातून तीनदा सहज. मग मोटरसायकलवरून कधी वरोरचा किनारा, कधी पार झाई. सिनेमाला नाही, हॉटेलात नाही, नेहमी उघड्यावर. मी मनात म्हणायची, किती रसिक आहे. वाऱ्याने माझे केस त्याच्या तोंडावर जायचे, तो ते बाजूला करायचा नाही. मी 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आले, मलाही कळलं नाही.

"तुला कशाचीच भीती नाही वाटत?" मी एकदा विचारलं.

"तुझ्या आईची वाटते."

"ती सोडून."

तो समुद्राकडे बघत राहिला. "नाही… तशी नाही," म्हणाला.

सुपारी फुटली. आणि त्याच्या बापाने आमच्यासाठी कुडाच्या घराला लागून एक खोली बांधली. स्लॅबची. त्यांच्या पाड्यात पहिलीच. सासरे कौतुकाने मला आत घेऊन गेले, भिंतीवर थाप मारून म्हणाले, "बघ पोरी, कशी धोंड्यासारखी आहे." मी दाराकडे सरकत राहिले. मी म्हणाले, "छान आहे."

त्या दिवसापासून जीव थाऱ्यावर नव्हता. सांगायला तर हवं होतं. पण कसं सांगणार? जमीन हलताना जो चहा पीत उभा होता, त्याला सांगायचं की तुझी बायको तुझ्या घरात निजू शकणार नाही? तो हसला असता तर चाललं असतं. तो गप्प झाला असता तर? पोरगी डोक्याने हलकी आहे म्हणून सुपारी परत आली असती तर… मला त्या खोलीपेक्षा याची जास्त भीती वाटत होती.

आणि नेमकं तेव्हाच नविन म्हणाला, "लग्नाआधी विजापूर बघून येऊ."

"विजापूर? तिकडे खाली, कर्नाटकात?"

"गोल घुमट. शाळेच्या पुस्तकात चित्र होतं. एवढं मोठं छप्पर आणि मध्ये एक खांब नाही. मला ते बघायचंच आहे, दक्षा."

जगात बघण्यासारखं इतकं आहे, आणि या माणसाला छप्पर बघायचं होतं. मी म्हणाले, "जाऊ." मनाशी ठरवलं, तिथे सांगायचं. घरापासून लांब. नाही म्हणाला तर निदान रडायला जागा असेल.

आमच्याकडे सुपारी झाली की पोरापोरीने फिरण्याला कोणी नाक मुरडत नाही. आईने तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या आणि आम्ही त्याच्या मित्राची जुनी व्हॅन घेऊन निघालो. ठाणं गेलं, घाट गेला, पुणं गेलं. पुढे उन्हाने रस्ता पांढरा दिसायला लागला. गाडीच्या खिडकीतून येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा. सोलापूरला नविनच्या आयटीआयमधल्या दोस्ताकडे, उमेशकडे मुक्काम केला. त्याची आई म्हणाली, "उकडतंय पोरांनो, आम्ही सगळे गच्चीवरच निजतो." माझ्या जिवात जीव आला. नविन माझ्याआधीच उशी घेऊन जिना चढला होता.

सकाळी विजापूर. आधी बारा कमान पाहिली. कुणा बादशहाने स्वतःसाठी बांधायला घेतलेली कबर, अर्धीच राहिलेली. उंच काळ्या कमानी चारी बाजूंनी उभ्या, आणि वर नुसतं आभाळ. छप्पर घालायचं राहूनच गेलं म्हणे. मला ती जागा इतकी आवडली… तिथेच राहावंसं वाटलं. पोपट या कमानीतून त्या कमानीत जात होते. आम्ही सावलीत बसून शेंगाचटणी आणि भाकरी खाल्ली.

"इथे बरं वाटतंय," नविन म्हणाला.

आता सांग, मी स्वतःला म्हटलं. "नविन, ती आपली खोली…"

"काय?"

त्याने माझ्याकडे असं चमकून पाहिलं की माझी जीभच वळेना.

"…रंग कुठला द्यायचा?"

"बघू नंतर," तो म्हणाला, आणि उरलेली भाकरी तशीच कागदात गुंडाळून ठेवली.

गोल घुमट लांबूनच दिसतो. जवळ जावं तसा तो वाढतच जातो, आणि माझे पाय तसतसे जड होत गेले. दाराशी चपला काढायच्या होत्या. मी माझ्या काढल्या, वाकून तोंडं बाहेर केली आणि आत गेले. नविनने माझा हात धरला होता. त्याचा हात घामाने ओला झाला होता. उन्हाळाच तसा होता.

आत गार होतं. मी वर बघितलं आणि लगेच खाली बघितलं. इतकं छप्पर मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमचा सगळा पाडा, गुरं-ढोरं, कोंबड्यांसकट त्याच्याखाली मावला असता. मी मनात म्हणत होते, थोडंच चालायचं आहे, याच्यासाठी चाल, मग सांग.

तेवढ्यात वर सज्ज्यात कोणीतरी टाळ्या वाजवल्या. चार-पाच जण एकदम ओरडले. आणि तो आवाज घुमटाला धडकून खाली आला… गुरगुरत, फिरत, पायांखालून आल्यासारखा. तोच आवाज. आमच्याकडचा.

मी पळाले.

हात सुटला, कसा सुटला ठाऊक नाही. माणसांना ढकलत मी बाहेर आले, पायऱ्या उतरले आणि उन्हात उभी राहिले. काही पडलं नव्हतं. पोरं हसत होती. फक्त टाळ्या होत्या. मग मला कळलं मी काय केलं. मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. जमीन खरंच हलली असती तर मी नविनला तिथे सोडून आले असते.

मी दाराकडे पाहिलं. माझ्या चपलांशेजारी त्याच्या चपला तशाच होत्या. म्हणजे तो अजून आतच. मला शोधत असेल. नाहीतर… मी कशी आहे ते बघून मुद्दामच थांबला असेल.

मी परत आत शिरले. थेट मधोमध गेले, कारण तिथून चारी कोपरे दिसतात. तो कुठेच नव्हता. मग मला ना छप्पर आठवलं ना लाज. मी ओरडले, "नविन…"

घुमटाने ते नाव उचललं आणि मला परत दिलं, पुन्हा पुन्हा. माणसं थांबून बघायला लागली. रखवालदार कानडीत काहीतरी बोलत माझ्याकडे आला. मी पुन्हा हाक मारली. मला रडू फुटलं होतं, तेही वर जाऊन मोठं होऊन खाली येत होतं.

आणि तो दारातून आत आला. बाहेरून. अनवाणी, धापा टाकत, केसांत कडुनिंबाची पानं.

"तू आत काय करतेस?" त्याचा आवाज फाटला होता. "तुझ्या चपला दिसल्या… मला वाटलं तू आतच राहिलीस."

"तू बाहेर काय करत होतास?"

मला हाताला धरून त्याने बाहेर झाडाखाली नेलं.

"मी तुझ्याआधी पळालो," तो म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. "हात मी सोडला, दक्षा. त्या झाडापाशी येऊन थांबलो तेव्हा कळलं, तू बरोबर नाहीस."

"मीसुद्धा पळाले. मला वाटलं, मीच सोडला."

"तलासरीला त्या दिवशी…" त्याने मनगट पुढे केलं. चट्टा आता फिका झाला होता. "मी आतच होतो. तुझ्या मागच्या टेबलावर. चहा हातावर सांडला तरी थांबलो नाही. वर तुला खोटं सांगितलं, कारण तू भज्यांचं काहीतरी बोललीस आणि मला हसू आलं… आणि मग खरं सांगावंसं वाटेना."

"आणि ती खोली?"

"बाबाने हौसेने बांधलीय. मी एक रात्र तिथे निजून बघितलं. निम्म्या रात्री उठून मित्राच्या या व्हॅनमध्ये जाऊन झोपलो." तो खाली मातीकडे बघत म्हणाला, "म्हणून इथे आलो. साडेतीनशे वर्षांहून जास्त उभं आहे ते बघितलं, तर भीती जाईल असं वाटलं. तुला कळायच्या आत."

मी दाराकडे पाहिलं. आमच्या चपला तिथेच होत्या, इतक्या चपलांच्या गर्दीत एकमेकींना लागून. सगळ्या जगाच्या चपला आत तोंड करून होत्या. माझ्या बाहेर तोंड करून. आणि त्याच्याही.

मला हसू आवरेना. तो आधी घाबरला, मग त्याचा एक गाल वर गेला.

"आपण कुडातच राहू," मी म्हणाले. "कारवीची भिंत पडलीच तर झटकून उठता येतं. खोलीत भाताची पोती ठेवू."

"बाबाला काय सांगायचं? सुनेला नको म्हणून?"

"माझ्यावर ढकलतोस? मी भितो म्हणून सांग."

"सांगतो," तो म्हणाला. नंतर हळूच, "तू बाजूला बसशील ना?"

"बसेन. चल, आता वर जाऊ."

"वर?"

"सज्ज्यात. भिंतीशी कुजबुजलेलं पलीकडे ऐकू येतं म्हणतात. एवढे लांब आलोय."

अरुंद, अंधाऱ्या पायऱ्या होत्या. प्रत्येक मजल्यावर थांबलो. वर गेल्यावर तो एका बाजूला राहिला, मी भिंतीला हात लावत, खाली न बघता, पार समोर गेले. पलीकडे तो अगदी छोटा दिसत होता. मी कान दगडाला टेकवला. दगड गार होता. मग आवाज आला, अगदी कानाशी.

"दक्षा… मला भीती वाटतेय. तुला?"

प्रेमाचं काहीबाही त्याने झाईच्या किनाऱ्यावर खूपदा सांगितलं होतं. पण असं आजवर कोणी मला काही सांगितलं नव्हतं.

मी तोंड भिंतीजवळ नेलं. "मलापण," म्हणाले. "तिथेच थांब. मी येतेय."