तार बांधलेली बादली

इंग्रजी पिक्चर लोकांना कळत नसे, आणि मला तर त्याहून कळत नसे. तरी कनेरगाव नाक्यावरच्या माझ्या व्हिडिओ सेंटरला हिंदीपेक्षा इंग्रजी पिक्चरलाच जास्त गर्दी व्हायची, आणि त्याचं कारण मी. ही बढाई नाही. नाक्यावरच्या जुन्या माणसांना विचारा, तेही हेच सांगतील.

हातात माइक घ्यायचा, टीव्हीशेजारी लोखंडी खुर्चीवर बसायचं आणि पिक्चरमध्ये काय चाललंय ते आपल्या भाषेत सांगत राहायचं, असं माझं काम. गोष्ट निम्मी पिक्चरची, निम्मी माझ्या पदरची. गोरा हिरो घोड्यावरून आला की मी म्हणायचो, "हे आपले जळबा पाटील, नरसीच्या बाजारातून घोडं घेऊन आले." आणि जळबा पाटील समोरच बसलेले असले की शेड हसून हसून आडवी व्हायची. बाहेर एक भोंगा लावला होता. ढाब्यावर जेवणारे ट्रकवालेसुद्धा घास हातात धरून ऐकायचे.

शेड पत्र्याची, ढाब्याच्या मागे. उजेड येऊ नये म्हणून खिडक्यांना तरटं लावलेली. उन्हाळ्यात त्यांच्यावर पाणी मारायचं, म्हणजे जीव जरा थंड राहायचा. मशीन सांभाळायला माझा चुलतभाऊ माऊली. तो दहावीला बसून बसून थकलेला, पण इंग्रजी अक्षरं लावून वाचायचा. शेडमध्ये तेवढाच एक शिकलेला.

मी सांगतोय ती गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यातली. तेव्हा आपला जिल्हा परभणी होता, हिंगोली नुसतं तालुक्याचं गाव. वाशीमहून मी एक कॅसेट आणली होती. तिच्यावरचा कागद फाटलेला, त्यामुळे पिक्चरचं नाव काय ते कोणालाच ठाऊक नव्हतं. सुरुवातीला काळ्यावर पांढरी अक्षरं आली. माऊलीनं ती लावून वाचली आणि म्हणाला, "दगडूभाऊ, हे खरं घडलेलं हाय म्हणते. खून झालेत." मी लगेच बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं, 'खऱ्या खुनांची कहाणी'. बाजाराचा दिवस होता. दुपारपर्यंत शेड भरली.

पिक्चर साधाच होता. दूर कुठलं तरी वाळवंट, बंद पडलेली मोटार, आत एक बाई, आणि पाण्याचा टँकर घेऊन हिंडणारा एक माणूस. तो माणूस बरा नाही, हे त्याच्या हसण्यावरूनच कळायचं. मी त्याला नाक्यावरच्या एका हॉटेलवाल्याचं नाव दिलं आणि पहिलीच टाळी घेतली.

तेवढ्यात दाराचं तरट बाजूला करून मिराबाई आत आली. मिराबाई म्हणजे पलीकडच्या तांड्यावरची. रोज सकाळी ढाब्याला दूध घालायची, म्हणून ओळखीची. तिची लेक संगिता परवा सकाळपासून घरी आली नव्हती. नाक्यावर सगळ्यांनी एकच ठरवून टाकलं होतं की पोरगी वीटभट्टीवरच्या कोण्या ट्रॅक्टरवाल्याबरोबर पळून गेली. तिचा बाप देवला वाशीमच्या स्टँडवर शोधायला गेला होता. मिराबाई मात्र सकाळपासून एकेका जीपवाल्याला विचारत फिरत होती.

ती वाकून माझ्या खुर्चीजवळ आली.

"दगडूभाऊ, तुमच्या भोंग्यावर माझ्या लेकीचं नाव घेता का? कोणी बघितलं असंल तं सांगंल."

"घेतो की मावशी. इंटरवल होऊ द्या."

"समदे म्हणतेत पळून गेली. तुमीच सांगा, पळून जाणारी पोरगी पाण्याची बादली घेऊन जाते व्हय? बादली बी घरात न्हाई."

मला वाईट वाटलं. जीपवाल्यांनी याच वाक्यावर तिची चेष्टा केली होती, हे मी सकाळीच ऐकलं होतं. मी तिला दाराजवळ बसायला सांगितलं. ती पिक्चरकडे पाठ करून बसली. इंटरवल कधी होतो याची वाट बघत होती बिचारी.

मग पिक्चरमध्ये तो भाग आला. बाई मोटारीतून उतरून चालत गेली आणि नंतर कोणीच दिसेना. नुसती वाळू, वारा, एक काटेरी झुडूप. कोणी बोलत नाही, बाजा वाजत नाही. असे भाग आले की माझी परीक्षा असायची, कारण लोकांना दम निघत नाही. मागून कोणीतरी शिट्टी मारली. "बोला की दगडूभाऊ!"

मी माइक तोंडाजवळ धरला.

"हे वाळवंट म्हणजे," मी म्हणालो, "आपला तांड्यापलीकडचा माळ समजा."

लोक हसले. पुढे काय रचावं ते मला अजून सुचलं नव्हतं. माझ्या डाव्या कानाशी गारवा लागला आणि गाळाचा वास आला. मागचं तरट ओलं होतं, मला वाटलं त्याचाच असेल.

"खदानीच्या वाटेनं गेलं की उजव्या हाताला बोरीची जाळी लागते," मी बोलत होतो. "जाळीत जुनी विहीर आहे. तिला कठडा नाही. वरून फांद्या वाळून पडल्यात, त्यामुळे दिसत नाही. काठाशी एक बादली आडवी पडली आहे. बादलीचा एक कान तुटला आहे, तिथं तांब्याची तार बांधली आहे."

शेडमध्ये कोणी हसलं नाही. माझा आवाज मलाच भोंग्यातून परत ऐकू येत होता, आणि तो माझा वाटत नव्हता. मी नाटकी बोलणारा माणूस. हा आवाज सपाट होता, एखादी बाई शेजारणीला निरोप सांगते तसा.

"खाली दोघी आहेत. एकीचा पाय मोडला आहे. दुसरी आपलं नाव सांगत नाही."

मिराबाई उठून उभी राहिली. टीव्हीच्या उजेडात तिच्या ओढणीवरच्या आरशांचे ठिपके पत्र्यावर हलले.

"कोणती तार?" ती म्हणाली.

माइक अजून माझ्या तोंडाशीच होता.

"दगडूभाऊ, कोणती तार?"

"तांब्याची," मी म्हणालो. "पाण्याच्या मोटारीच्या वायंडिंगची."

"ती म्या बांधली," मिराबाई म्हणाली. "माझ्या हातानं बांधली. तुमाला कोणी सांगितलं?"

मी माइक खाली ठेवला. शेडमध्ये मागच्या बाकावर तिचा भाऊ रणजीत बसला होता, त्याची काळीपिवळी जीप बाहेरच उभी होती. तो काही न विचारता चावी घेऊन धावला. ढाब्यावाल्यानं दोर आणि एक बाज दिली. बसतील तेवढे जीपमध्ये बसलो, बाकीचे मागून सायकली घेऊन निघाले.

माळावर ऊन नुसतं पांढरं झालं होतं. काळे दगड, करपलेलं कुसळ, दुसरं काही नाही. खदानीची वाट मला लहानपणापासून ठाऊक, पण तिथं विहीर आहे हे मी कधी ऐकलं नव्हतं. तांड्यातल्या लोकांनीही नव्हतं. तांड्याच्या पाण्याच्या विहिरीत त्यांनी पहिल्याच दिवशी गळ टाकून बघितला होता.

उजव्या हाताला बोरीची जाळी लागली.

बादली आडवी पडली होती. मिराबाईनं ती उचलली आणि तारेवरून बोट फिरवलं.

रणजीतनं फांद्या ओढल्या. खालून गार हवा वर आली आणि तोच गाळाचा वास.

"संगिता!" त्यानं हाक मारली.

काही नाही.

"संगे! ए पोरी!"

खालून आवाज आला. मांजराच्या पिल्लाएवढा बारीक, पण आला.

रणजीत दोर कमरेला बांधून उतरला. आम्ही वरून बाज सोडली. ती वर येईपर्यंत माझ्या हातांची सालं निघाली, ते मला नंतर कळलं. पोरगी बाजेवर डोळे मिटून पडली होती. पाय वाकडा झालेला, कपडे चिखलानं माखून ओलेचिंब. मिराबाईनं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि हंबरडा फोडला. मीही रडलो. लाज कसली त्यात, सगळेच रडत होते. ढाब्यावाला तर मला मिठी मारून रडला, आणि तो माणूस मला उधार चहासुद्धा देत नसे.

केस कोरडे होते, हे मी तेव्हाच बघितलं. उन्हानं वाळले असतील, असं मनात आलं.

रणजीत वर आला तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं. "खाली अजून कोणी हाय का?"

"कोण असंल अजून?" तो धापा टाकत म्हणाला. "पाणी मांडीला लागते. खाली गाळ, पाय ठरून नाही राहिला. बसायला दगड बी न्हाई. लेकरू दोन रातीत बुडालं कसं न्हाई, देवाला ठाऊक."

माझं मन हलकं झालं. दुसरी बाई माझ्या पदरची होती तर. गोष्ट सांगताना मी नेहमीच माणसं वाढवायचो.

पोरीला जीपमधून हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, जगेल. तो निरोप आला तसा नाक्यावर गूळ वाटला. संध्याकाळच्या आत विहीर बुजवायची असं सगळ्यांनी ठरवलं, पुन्हा कोणाचं लेकरू त्यात जायला नको. खदानीवरून ट्रॅक्टरनं धोंडे आणले. देवला वाशीमहून परत आला होता. त्यानं काठावर नारळ फोडला आणि माझा हात धरला. "पहिला धोंडा तुमच्या हातचा, दगडूभाऊ. तुमी सांगितलं म्हणून लेक घावली."

मी दोन्ही हातांनी धोंडा उचलून टाकला. खालून पाण्याचा आवाज आला. मग ट्रॉली उलटी केली. अंधार पडायच्या आत जमीन सपाट झाली, आणि त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

पुढच्या आठवड्यात मी आणि माऊलीनं ती कॅसेट पुन्हा लावली. वाळू होती, वारा होता, झुडूप होतं. विहीर पूर्ण पिक्चरभर कुठंच नव्हती. माऊली माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला सांगितलं, लहानपणी गुरांमागं हिंडताना ती विहीर बघितली असेल आणि विसरलो असेन. मिराबाई दूध घालायला यायची, तेव्हा बादलीवरची तारही नजरेला पडली असेल. त्याला पटलं. मलाही पटलं, कारण दुसरं काही पटवून घ्यायला नव्हतं. कॅसेट परत केली.

पुढे केबल आलं, मग सीडी आल्या. इंग्रजी पिक्चर हिंदीत बोलायला लागले, माझं काम संपलं. जिल्हा हिंगोली झाला. मी शेडच्या जागेवर झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्जचं दुकान टाकलं. संगिता पुष्कळ दिवस तापानं पडून होती, पण उठली. जरा लंगडायची, एवढंच. साखऱ्याला दिली तिला, घर चांगलं मिळालं.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात ती आपल्या लेकीला घेऊन माहेरी निघाली होती. नाक्यावर उतरली आणि दुकानात आली. अंगानं भरली होती, हसरी झाली होती. मी चहा मागवला. तिला बघून मला आतून बरं वाटायचं, अजूनही वाटतं. माझ्या सगळ्या थापांमधली ही एक थाप खरी निघाली, असं मी तिला चिडवायचो.

लेक बाहेर ढाब्यापाशी खेळायला गेली, तेव्हा ती म्हणाली, "काका, त्या दिशी तुमाला कोणी सांगितलं, ते मला ठाव हाय. आय मला बोलू देत न्हवती."

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? मी तर गोष्टी रचणारा माणूस."

"तिनं सांगितलं," संगिता म्हणाली. "माझ्याबरोबर व्हती ती. दोन राती माझं डोकं मांडीवर धरून बसली. पाण्याला लागू दिलं न्हाई. मधीच उठून गेली, मला भ्या वाटलं. आली तं म्हणली, नाक्यावरच्या माणसाला सांगून आले, आता येतील."

दुकानात पंखा चालू होता. बाहेर एका ट्रकनं हॉर्न दिला.

"नाव काय तिचं?" मी विचारलं.

"नाव सांगत न्हाई ती."

मी कप खाली ठेवला.

"मला बाजेवर घातलं, मंग मला काही सुध न्हाई," ती म्हणाली. "लई वर्षं इचारीन म्हणते. तिला कवा काढलं, काका?"

तिच्या चेहऱ्यावर नुसता भाबडेपणा होता. मला पाण्याचा आवाज आठवला, माझ्या हातच्या पहिल्या धोंड्याचा.

"लगेच," मी म्हणालो. "तुझ्या मागोमाग."

संगितानं मोकळा श्वास सोडला. बारा वर्षांचं ओझं उतरल्यासारखं हसली. लेकीला हाक मारून उठली, पिशवी खांद्याला लावली.

"मग बरं झालं," ती दारातून म्हणाली. "लई घाबरली व्हती ती. म्हणायची, तुला नेतील आन् मला इथंच बुजवतील. म्या म्हणलं, न्हाई गं, आमची माणसं तशी न्हाईत."