चौथा पेला

दार लावून घ्या, पोरांनो, आणि स्टोव्हजवळ सरका. वारा पडेपर्यंत बर्फ काढायची गाडी काही वर जात नाही. घाटाच्या तोंडाशी साखळी कशाला लावतात, असं परवा तुमच्यातलंच कुणीतरी विचारत होतं. एक कारण फलकावर लिहिलेलं आहे. दुसरं पेजमानला माहीत आहे. दर वर्षी तेहरानहून आपल्यासाठी खजुराचा डबा घेऊन येतो, तो पेजमान. त्यानं सांगितलं तसंच सांगतो.

चार वर्षं झाली. ऐन थंडीतल्या बहमन महिन्याची एकोणीस तारीख, गुरुवार.

रविवारपर्यंत जोडून सुट्टी आली होती, आणि सहा वर्षांच्या लेकीला, तरलानला, बर्फावर न्यायचं पेजमाननं कबूल केलं होतं. आठवडाभर घरात एकच विषय, कुठल्या बर्फावर जायचं. तोचाल शहराच्या डोक्यावरच, पण वारा सुटला की रोपवे बंद. दरबंदसर जवळ, पण सुट्टीत तिथं बर्फापेक्षा माणसं जास्त. दीझीनचे उतार पसरट, पोरांना सोपे, पण तिकडच्या रस्त्याला गाड्यांची ही रांग. शेमशक म्हणजे उभा कडा. पेजमानची बायको गुलनार मात्र एकच नाव घेत होती, आबअली.

"आबअलीला काय आहे? ट्यूबवर बसायचं आणि घसरायचं," पेजमान म्हणाला. "लग्नाआधी स्कीवरून माझ्या पुढं सुसाट उतरायचीस. म्हातारी झालीस की काय?"

"झाले. म्हाताऱ्या बाईला आबअलीला ने."

"घाबरतेस?"

"हो, घाबरते."

ती हसत नव्हती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्यानं शेमशक ठरवलं.

तिथं व्हायचं तेच झालं. तरलाननं वरून एकदा खाली पाहिलं आणि ती जी बर्फात बसली, ती उठेचना. गुलनारनं स्की पायात घातल्याच नाहीत. दिवसभर चहाच्या टपरीत बसून राहिली. संध्याकाळी पेजमानला मनातून लाज वाटत होती, आणि ती झाकायला त्यानं नवा बेत काढला. डोंगराच्या पलीकडेच दीझीन. मुक्काम तिकडे करायचा, म्हणजे सकाळी पोरगी पसरट उतारावर. खालून वळसा घेतला तर पाच तास. वरून घाटानं बारा किलोमीटर.

"घाट हिवाळ्यात बंद असतो," गुलनार म्हणाली.

"आठ दिवसांत बर्फ नाही पडलेला. अर्ध्या तासाचं काम."

"वळशानं जाऊ या ना. मला हादरे नकोत."

"तू काय काचेची आहेस?"

तिनं तरलानला मागं बसवलं. आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. पेजमाननं साखळी सोडली, गाडी आत घेतली, आणि उतरून साखळी पुन्हा होती तशी लावली. तेवढा सभ्य आहे तो. पण त्यामुळं झालं काय, की हे तिघं वर गेलेत हे खाली कुणालाच कळलं नाही.

सातव्या किलोमीटरला धुकं आलं. मग बर्फ. थोडा नाही, पोती उसवल्यासारखा. चाकाला बांधलेली साखळी तुटली आणि गाडी डोंगराच्या अंगाला घसरून रुतली. मोबाइलला रेंज नाही. पेजमान दहा मिनिटं हातानं बर्फ उकरत होता. मान वर केली तेव्हा चाळीसेक पावलांवर पिवळा उजेड दिसला.

जुनं चहाचं घर होतं. आत चहाच्या पाण्याचा पितळी समोवार उकळत होता, लाकडी बाकांवर गालिचे अंथरलेले होते. भिंतीवर खुंट्यांची रांग, आणि खुंट्यांवर लोकरीचे कोट. पंधरा-वीस असतील. सगळे ओले. माणूस मात्र एकच, टोपी घातलेला म्हातारा.

"या, आगा. या, खानुम. तुमच्या पावलानं उजेड आला."

त्यानं तबक आणलं. तबकात बशीसकट काचेचे चार पेले.

"आम्ही तिघंच आहोत, हाजी," पेजमान म्हणाला.

"चौघं," म्हातारा म्हणाला आणि ओतत राहिला.

म्हाताऱ्यानं स्वतःलाही मोजलं असेल, असं पेजमानला वाटलं. चौथा पेला गुलनारपुढं राहिला. म्हाताऱ्यानं त्याला हात लावला नाही.

चहा छान होता. पेले रिकामे झाले, तोच त्यानं पुन्हा भरले.

"तुमचे हात कधी न दुखोत, हाजी, पण आता पुरे."

"असं कसं? आणखी एक."

आपल्याकडे पहिलं 'नको' कोण खरं धरतं? दुसरंही नाही धरत. म्हाताऱ्यानं तिसरंही धरलं नाही. चौथंही नाही. तो हसायचा, मान तुकवायचा आणि ओतायचा. पेजमान लहानपणापासून शिकलेला, यजमानाचा हात दूर सारायचा नाही. तो प्यायचा.

तरलान पेंगायला लागली होती. गुलनारनं तिचा हात हातात घेतला. एवढा गरम चहा पोटात... आणि हात गार.

"झोपू दे तिला," म्हातारा म्हणाला. "इथं सगळे छान झोपतात."

पेजमानची नजर कोटांकडे गेली. रांगेच्या शेवटी चार खुंट्या रिकाम्या होत्या. दोन उंचावर. एक तरलानच्या डोक्याइतकी. आणि एक... अगदी खाली. रांगणाऱ्या पोराच्या हाताला येईल अशी.

तो उठला. "गाडी बघून येतो."

दार उघडलं. बाहेर बर्फ पडत नव्हता. बाहेर बर्फच होता. उंबऱ्यापासून चौकटीपर्यंत भिंत. दाराच्या फळ्यांचे ठसे तिच्यावर उमटलेले. त्यानं हात खुपसला. कोपरापर्यंत. खांद्यापर्यंत. पुढं नुसताच बर्फ.

खिडक्यांकडं पाहिलं. तिन्ही पांढऱ्या. वरपर्यंत.

"बसा, आगा," मागून आवाज आला. "घाई कुठली?"

पेला भरलेला होता.

तो बसला. काय करणार? तरलानचे ओठ निळे पडत चालले होते. तो तिला हलवत होता, ती डोळे उघडत नव्हती. समोवारचा आवाज... बाकी काही नाही.

गुलनार पेल्याकडं बघत होती. तिचे आजोबा ट्रक चालवायचे. ते तिला मांडीवर घेऊन बसायचे. चहा झाला की पेला बशीत आडवा निजवायचे. म्हणायचे, उभा पेला म्हणजे आणखी हवाय, पोरी. आडवा केलास, की कुणी आग्रह करायचा नाही. जुन्या चहाच्या घरांतली ही रीत. आता कुणाला माहीत असणार?

तिनं आपला पेला उचलला, आणि बशीत आडवा ठेवला.

म्हाताऱ्याचा हात थांबला.

त्यानं पेला उचलून नेला.

तिनं पेजमानचा आडवा केला. तरलानचा केला. तेही त्यानं नेले. तरलान खोकली आणि डोळे उघडून "आई" म्हणाली.

"चला," पेजमान म्हणाला. त्यानं पोरीला उचललं. दाराशी गेला. भिंत तशीच होती.

"तुम्ही जा की," म्हातारा म्हणाला. "याचं अजून व्हायचंय."

चौथा पेला. उभा. वाफ निघत होती.

"कुणाचं?" पेजमाननं विचारलं.



गुलनारचा हात पोटावर गेला होता. पेजमाननं तो पाहिला. मग तिचं तोंड पाहिलं. आबअली... हादरे... न घातलेल्या स्की.

"दोन महिने झाले," ती म्हणाली. "तरलाननंतर दोन्ही वेळी सगळ्यांना सांगितलं, आणि मग सगळ्यांना नाही म्हणून सांगावं लागलं. यावेळी... थोडे दिवस जाऊ द्यावेत म्हटलं."

तिनं चौथा पेला धरला. काच पोळत होती, तरी सोडला नाही. म्हाताऱ्याकडं बघत तिनं तो आडवा केला. भरलेला. चहा बशीतून बाकावर गेला, बाकावरून खाली.

म्हाताऱ्यानं सांडलेल्या चहाकडं पाहिलं. मग तो दाराशी गेला, दार ओढून उघडलं आणि बाजूला झाला.

बाहेर चांदणं होतं. चाळीस पावलांवर गाडी.

पहाटे चारला त्यांना गाडीतून मीच काढलं. साखळी लावलेली, आणि चाकांचे ठसे साखळीखालून वर गेलेले. खाली बर्फ पडला नव्हता, म्हणून ते दिसले आणि मी वर गेलो. तीस वर्षं तो रस्ता मी साफ केला, पोरांनो. तिथं घर नाही. माझ्या वडिलांच्या लहानपणी होतं म्हणतात. एका रात्री वरचा बर्फाचा कडा सुटला. आत किती जण होते, ते कुणाला मोजता आलं नाही.

उन्हाळा सरताना, शहरीवर महिन्यात गुलनारला मुलगी झाली. चांगली गुटगुटीत आहे. नीलू. दोन उन्हाळ्यांपूर्वी ते सगळे इथं आले होते, याच खोलीत बसले होते. मी चहा ओतला. नीलूच्या पेल्यात नुसतं कोमट साखरपाणी, चहाचे दोन थेंब टाकून. पोरगी तोवर बडबडत होती. पेला समोर आला आणि गप्प झाली. मग दोन्ही हातांनी तिनं तो बशीत निजवला. भरलेला.

तिला ते कुणी शिकवलेलं नाही. त्या रात्रीपासून त्यांच्या घरात काचेचे पेलेच नाहीत, मोठ्या कपातून पितात. आईनं तिला जवळ ओढलं. कुणी रागावलं नाही.

सतरंजीवर सांडलं ते. तू बसलायस ना, त्याच्या जरा डावीकडं. तो डाग.

हात लावून बघ.

... हं, ओलाच. उन्हाळ्यातला आहे तो.