विषम नंबरचे पिंजरे

सात नंबरच्या पिंजऱ्यातल्या पिल्लाच्या डाव्या कानाचा दोन मिलिमीटर तुकडा गायब होता. कडा फाटलेली, रक्त सुकलेलं. तिने मोजपट्टी खाली ठेवली आणि वहीत लिहिलं: भावंडाचा चावा. या आठवड्यातला अकरावा.

प्रयोग साधा होता. पांढऱ्या उंदरांचे दोन वंश, एक पिढ्यान्‌पिढ्या चावरा, दुसरा गरीब गाय. जन्मल्या दिवशीच पिल्लांची अदलाबदल करायची. चावऱ्यांची पिल्लं गरीब आईच्या कुशीत, गरिबांची चावऱ्या आईच्या. दुष्टपणा रक्तातून येतो की दुधातून, एवढंच पाहायचं होतं. विषम नंबरचे पिंजरे ती स्वतः साफ करायची, सम नंबरचे काका, ज्यांचं अर्धं आयुष्य या प्राणिघरात गेलं होतं.

उत्तर आलं, पण ते कुणी विचारलेलंच नव्हतं. रक्त कुठलंही असो, दूध कुठलंही असो, विषम पिंजऱ्यांतली पिल्लं एकमेकांना फाडत होती. सम पिंजऱ्यांतली एकमेकांच्या अंगावर पडून झोपत होती.

तिने साबण बदलला, हातमोजे बदलले. शेवटी काकांशी साफसफाईचे पिंजरेच बदलून घेतले, सम आता तिच्याकडे. नवव्या दिवशी सम पिंजऱ्यांत रक्त दिसलं आणि विषम पिंजरे निवांत झोपले.

"ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला," काका हसले. मग त्यांचं हसू ओसरलं. "पण बाई, इथे ढवळ्या कोण?"

"खाद्य तपासा, काका."

"खाद्य सगळ्यांना एकाच पोत्यातलं आहे, बाई."

तिला मात्र एकाही उंदराने कधी दात लावला नव्हता. ती खोलीचं दार उघडायची तेव्हा मारामाऱ्या थांबायच्या. सगळे जाळीला नाक लावून, तिच्याकडे तोंड करून उभे राहायचे.

घरी भाची होती. धाकटी बहीण गेली त्याला पाच आठवडे झाले होते, आणि मेहुण्याची नोकरी जहाजावरची. "ताई, हिला तुम्हीच सांभाळा. नाहीतर वसतिगृह आहेच," तो म्हणाला होता. तिच्या घरात कधी मूल नव्हतं. "हो" अगदी ओठांवर आलं होतं. तरी दर फोनला ती "बघते" म्हणत राहिली.

आली तेव्हा पोर वाटेतल्या मुंगीलाही वळसा घालून जायची.

शनिवारी सकाळी शाळेतून फोन आला. दुपारी भाचीची वेणी घालताना तिने विचारलं, "काल मैत्रिणीच्या हातात पेन्सिल का खुपसलीस?"

"बघायला."

"काय बघायला?"

"किती आत जाते ते."

"ती रडली ना, राणी?"

"रडली असेल." पोरीने मान मागे टाकून तिच्याकडे पाहिलं. डोळे स्वच्छ, चेहरा प्रेमाने उजळलेला. "मावशी, तुझ्याकडे आल्यापासून मला कुणाचं रडूच ऐकू येत नाही. छान वाटतं."

तिचा हात वेणीच्या तिसऱ्या पेडावर थांबला. आठव्या वर्षी आईने तिलाच वसतिगृहात धाडलं होतं, धाकटीला नाही. का, ते आई मरेपर्यंत बोलली नाही.

दाराची घंटा वाजली. मेहुणा बूट न काढताच उंबऱ्यात उभा राहिला. संध्याकाळी त्याला बंदरावर हजर व्हायचं होतं.

"ताई, आज 'बघते' म्हणू नका. हो की नाही, तेवढं सांगा."

भाचीने तिचं बोट घट्ट धरलं. तळवा उबदार होता. गाल तिच्या मनगटावर घासत ती वडिलांकडे बघत होती, आणि जागची हलत नव्हती.

तिने आपलं बोट सोडवून घेतलं. जोर लावावा लागला.

"हिला घेऊन जा," ती म्हणाली. "आत्ता. वसतिगृहात ठेवा, कुणाकडेही ठेवा. आणि पुढे मी कितीही विनवण्या केल्या, तरी हिला माझ्याकडे आणू नका."