परत दिलेला दाखला

ब्रह्मपुरीच्या भूपेश वकिलांकडे जया अकरा वर्षं टायपिंग करत होती. २००४च्या दिवाळीत ते ऑफिस नागपूरच्या एका मोठ्या वकिली फर्ममध्ये सामील झालं. दारावर ‘विभागीय कार्यालय’ अशी नवी पाटी लागली, आणि जुन्या फायली खोक्यांत भरून नागपूरला पाठवायचं काम जयाकडे आलं.

त्यात लटारू ढिवराची फाईल होती. गावच्या तलावात मासेमारी करायचा त्याच्या लोकांचा पिढीजात हक्क, आणि त्याचा पुरावा म्हणजे एकच जुना दाखला. तो त्यानं प्लास्टिकमध्ये गुंडाळून जयाच्या हातात दिला होता. “सायबाले नाई, तुमाले देऊन राह्यलो, बाई. जपून ठेवजा.”

तलाव मागणाऱ्या ठेकेदाराचे वकील नेमके हे नागपूरवाले होते.

“लटारूची केस आपण सोडून राह्यलो,” एका गुरुवारी दुपारी भूपेश वकील म्हणाले. “दाखला तू त्याला परत दिला, असं लिहिलंय. सही कर.”

“पण सर, तो आलाच नाही अजून.”

“सोमवारी येईल, तेव्हा देऊन टाकू. माझ्यावर भरोसा नाही का तुझा?”

भरोसा होता. तिनं सही केली.

सोमवारी लटारू आला नाही. त्याच आठवड्यात शनिवारी साहेब नागपूरला गेले होते आणि जया एकटीच खोकी भरत बसली होती. संध्याकाळी सहाला रोजच्यासारखी लाईट गेली. मेणबत्ती लावून तिनं लटारूची फाईल उघडली. दाखला नव्हता. त्याच्या जागी साहेबांनी नागपूरला धाडलेल्या पत्राची प्रत होती : मूळ दाखला कु. जया यांनी पक्षकारास परत केला आहे. पुढे वाद उद्भवल्यास जबाबदारी त्यांची राहील.

ते तिनं दोनदा वाचलं. ज्या माणसाची एकही तारीख तिनं अकरा वर्षांत चुकू दिली नव्हती, त्यानं आपली मान सोडवून तिची अडकवली होती.

मग वास आला. तलाव आटला की गाळाला येतो, तसला. जिन्यावर ओली पावलं वाजली... एकेक, सावकाश... आणि दाराजवळचा बाक करकरला.

“बाई... माहा कागद?”

आवाज लटारूचा होता. उजेड बाकापर्यंत पोचत नव्हता.

“लटारूभाऊ... तो... साहेबांबरोबर नागपूरला गेला.”

“मंग मले परत देला, असं काऊन लिवलं?”

लटारूला वाचता येत नव्हतं. आणि तो कागद ती आणि साहेब यांच्याखेरीज इथं कुणी पाहिला नव्हता.

“तुमच्या हातात देला होता, बाई... तुमच्याच हातानं आणून द्या...”

लाईट आली. बाक रिकामा, कोरडा. दाराची कडी तिनं आतून लावली होती, तशीच होती.

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. सकाळी ती लटारूच्या गावी जाणाऱ्या जीपमध्ये बसली. जे झालं ते त्याला तोंडावर सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

“लटारू?” जीपवाला म्हणाला. “तो त गेला ना, बाई. दहा दिवस झाले. गुरुवारी दुपारी जाळं टाकासाठी उतरला, वर आलाच नाई.”

तिनं सही केली, तीच दुपार.

ढिवर मोहल्ल्यात एकही बाप्या दिसत नव्हता. लटारूची बायको सोनीबाई अंगणात उभी होती. जयाला पाहताच तिच्या हातातली घागर सुटली. ‘ये’ नाही, ‘बस’ नाही. रागच असणार, असं समजून जयानं हात जोडले.

“सोनीबाई, माझी चूक झाली. तुमचा दाखला माझ्या हातून गेला.”

“दाखला त... तुमीच आणून देला,” सोनीबाई कसंबसं म्हणाली. तिनं कमरेची पिशवी उघडली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला तोच दाखला. “काल सांजच्याले. माह्या हातात.”

“मी?... मी तर ऑफिसात होते.”

“बसा म्हणलं, त बसल्या नाई. तलावाकडं गेल्या. मी ओरडली, बाई, तिकडं वाट नाई... तुमी पाण्यात उतरल्या. कंबरेपर्यंत... मंग गळ्यापर्यंत...” ती भिंतीला टेकली. “रातपासून सारे लोकं तुमालेच शोधून राह्यले.”

तेवढ्यात तलावाच्या पाळीवरून कुणीतरी हाक दिली.

“सोनीबाई वो... सापडली! बाई सापडली!”