भिंतीपलीकडची बाई

“स्वयंपाकघर बंद!” ठिणगी ओरडली.

“मोरी बंद!” मागून शिडीने आवाज दिला.

“संडासातला नळ बंद!” आतून लिंबू किंचाळला. “आणि मीसुद्धा बंद! कडी अडकली!”

लिंबूला बाहेर ओढून काढलं आणि तिघं फाटकाजवळच्या मीटरकडे धावली. ठिणगीने पत्र्याचं झाकण उचललं. घरातला एकही नळ उघडा नव्हता, तरी काचेखाली लाल काटा भिंगरीसारखा गरागरा फिरत होता!

“भूत!” लिंबू म्हणाला.

“भुताला एवढं पाणी कशाला लागतं रे? गप बस!”

ठिणगी आणि तिचा धाकटा भाऊ लिंबू सुट्टीला आत्याकडे आले होते. शिडी त्याच गल्लीतली, शेवटच्या घरातली. उंच म्हणून शिडी. तिचे आईबाबा दोघंही दिवसभर कामावर, त्यामुळे घराची किल्ली तिच्या गळ्यातच असायची. गल्लीतली निम्मी घरं बंद होती. ज्यांना जमलं ते दुसरीकडे राहायला गेले आणि जाताना फाटकाला कुलूप लावून गेले. आत्या मात्र राहिली. ती आणि तिचं शिलाई मशीन. तयार कपडे घ्यायची सवय लागल्यापासून माणसांना शिंपिणीची आठवण फक्त कपडा उसवला की यायची.

आत्याच्या जिभेची धार कात्रीपेक्षा जास्त होती. पण परवा पाण्याचं बिल आलं, त्यावरून बाबांचा फोन आला आणि आत्या गप्प झाली.

“ताई, नळ उघडे टाकून झोपतेस तू,” बाबा फोनवर म्हणाले होते. “हे काय एकट्या बाईचं बिल आहे? तुला आता आठवत नाही, मान्य कर. रविवारी दलालाला घेऊन येतो. घर विकू. तू आमच्याकडे चल.”

‘आमच्याकडे’ म्हणजे कुठे, ते ठिणगीला ठाऊक होतं. काचा लावून बंद केलेली गॅलरी. तिथे एक कॉट बसते. शिलाई मशीन बसत नाही.

“आत्या विसरत नाही,” ठिणगी मीटरवर झाकण ठेवत म्हणाली. “मी दुसरीत असताना माझ्याकडून हिची सुई हरवली होती, ते अजून ऐकवते मला! पाणी दुसरीकडेच कुठेतरी जातंय. शोधायचं!”

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आत्याचं घर जोडघर होतं, म्हणजे मधली भिंत एक आणि घरं दोन. शेजारचं घर कधीचं बंद. मालक मुलाकडे राहायला गेलेले, किल्ली त्याच दलालाकडे. त्या घराच्या मागे सगळं अंगण वाळून कडक झालं होतं. आणि गटाराच्या तोंडाशी? हिरवंगार गवत! त्यात एक बेडूक बसला होता, जावयासारखा ऐसपैस.

“बंद घराचं गटार ओलं!” शिडी पुटपुटली. “आत कोण राहतंय?”

“आत्याला विचारू!” म्हणत तिघं घरात घुसली.

आत्या मधल्या भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसली होती. हातात फ्रॉकची घडी, तोंडात दोरा.

“हळू!” ती म्हणाली. “घोड्यांची फौज आल्यासारखी काय येता? शेजारीण आंघोळ करतेय.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“कोण शेजारीण?”

“आलीय राहायला. डोळ्याच्या ऑपरेशनला मी तुमच्याकडे आले होते ना, तेव्हाच आली असणार. परत आल्यापासून ऐकतेय. वेळेची पक्की आहे बाई! संध्याकाळी नळाला पाणी आलं की हिची आंघोळ सुरू. ऐका.”

भिंतीतून घुमल्यासारखा आवाज येत होता. झुंऽऽऽ. बारीक, न थांबणारा.

“पण आत्या, बाहेर कुलूप आहे!” लिंबू म्हणाला.

“मागच्या दाराने जात असेल. लाजरी असतात काही माणसं, सगळी तुझ्यासारखी भोंगा घेऊन जन्माला येत नाहीत. मीही मुद्दाम जाऊन बघितलं नाही. म्हटलं, आपण डोकावलो आणि तिला आवडलं नाही तर?” आत्याने दोरा तोडला. “झोपताना भिंतीवर टकटक करते मी. ती करत नाही. पण ऐकत असेल.”

शिडी बाहेर गेली. तिने मीटरजवळचा आत्याचा मोठा कॉक फिरवून बंद केला.

भिंत गप्प झाली.

“झाली वाटतं आंघोळ,” आत्या म्हणाली.

शिडीने कॉक उघडला. झुंऽऽऽ! बंद केला. शांत. पुन्हा उघडला. झुंऽऽऽ!

आत्याचा हात फ्रॉकवरच थांबला. तिने खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. कॉकवर वाकलेली शिडी तिला दिसली.

“म्हणजे कुणी नाहीच तिथे,” ती म्हणाली. “माझंच पाणी वाहतंय होय! आणि मी त्याला शुभ रात्री म्हणतेय. वा गं शहाणी!”

“आत्या...”

“रडका चेहरा करू नकोस, मला आवडत नाही.” तिने चष्मा पुसला, मग पुन्हा पुसला. “एक ऐका. भिंतीशी बोलण्याचं तुझ्या बापाला कळता कामा नये. कळलं, तर मग मला कॉटसकट उचलून नेईल तो!”

ठिणगीने बाबांना फोन लावला, तर ते हसले. “सुट्टीत डिटेक्टिव्ह झालात का? मोठ्यांच्या कामात लुडबुड नको. रविवारी बघू.” मोठ्या माणसांचं हे एक बरं असतं. ऐकायचं नसलं, की समोरच्याला लहान म्हणायचं!

“मग रविवारी दलालाकडूनच कुलूप उघडवू,” ठिणगी म्हणाली. “फक्त तो पाण्याच्या वेळेला यायला हवा.”

“ते माझ्यावर सोडा,” आत्या म्हणाली. तिने दलालाला निरोप धाडला. दुपारी माझी झोप मोडलीत, तर घर काय, चहासुद्धा दाखवणार नाही. संध्याकाळी या.

रविवारी संध्याकाळी बाबांबरोबर दलाल आला. बोटात अंगठ्या, काखेत पिशवी आणि तोंडात साखर.

“घर छोटं आहे साहेब, पण काळजी करू नका, खपवू आपण!” तो म्हणाला.

“खपवायला मी काय शिळी भाजी आहे?” आत्या म्हणाली.

ठिणगी पुढे झाली. चेहरा अगदी गरीब. “काका, एक विचारू? एक-एक घर विकण्यापेक्षा दोन्ही एकदम विकली तर? मधली भिंत पाडली की केवढा बंगला होईल!”

दलालाचे डोळे लकाकले. “अरे वा! पोरगी हुशार आहे हो साहेब! चला, लगेच दाखवतो ते घर!”

शिडी मागच्या मागे फाटकाकडे सटकली. दलालाने किल्ल्यांचा जुडगा काढला, कुलूप उघडलं, दार ढकललं. आतून धबधब्यासारखा आवाज आला!

सगळे न्हाणीघराकडे धावले. नळ पूर्ण उघडा होता. पाणी धो धो वाहत होतं आणि सरळ गटारात जात होतं.

“अरेच्चा!” दलाल बोलून गेला. “गिऱ्हाइकाला दाखवायला मीच उघडला होता. दुपारची वेळ, पाणीच आलं नाही, मग राहिला वाटतं तसाच...” त्याने पटकन तोंड मिटलं आणि नळाला हात घातला.

“थांबा! हात लावू नका!” ठिणगी ओरडली. “बाबा, हे पाणी आत्याच्या मीटरमधून येतंय!”

“काहीतरीच! या घराचं पाणी या घराचंच!” दलाल म्हणाला.

“हो का? शिडी, बंद!”

“बंद, बंद, बंद!” मध्ये उभ्या असलेल्या लिंबूने निरोप पुढे फेकला. त्याचा भोंगा आज कामाला आला!

नळाची धार बारीक झाली. करंगळीएवढी, दोऱ्याएवढी. मग थेंब. मग तेही नाही.

“शिडी, चालू!”

धो धो धो!

बाबा त्या नळाकडे पाहतच राहिले. मग दलालाकडे वळले. “बोला आता!”

“साहेब, त्याचं काय झालं... मालकांनी इथलं कनेक्शन तोडून घेतलं होतं. साफसफाईला पाणी हवं होतं, म्हणून प्लंबरकडून ताईंच्या पाइपला जोड मारून घेतला. दोनच दिवसांसाठी! काढायचा राहून गेला. ताई ऑपरेशनला गेल्या होत्या, विचारणार कुणाला?”

“मग काय भिंतीला विचारलंत?” आत्या कडाडली आणि तिने लगेच जीभ चावली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. “ताई, एवढा आवाज इतके दिवस तुला आला कसा नाही?”

लिंबूने तोंड उघडलं. ठिणगीने त्याच्या पायावर पाय दिला. जोरात!

“आई गं! म्हणजे... आत्याचं मशीनच किती खडखडतं, बाबा!” लिंबू म्हणाला.

आत्याने लिंबूच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लंबर आला आणि त्याने जोड कापला. वाढलेलं बिल दलालाने मुकाट्याने भरलं. साखर कुठल्या कुठे विरघळली होती! बाबा ओशाळून दारात उभे राहिले.

“चुकलं माझं, ताई. न बघताच तुला विसराळू ठरवलं. घर विकायचं नाव काढणार नाही. आणि तुम्ही तिघं! मी हसलो तुम्हाला, आणि तुम्ही खरे निघालात. शाब्बास!”

“नुसतं शाब्बास म्हणून पोट भरतं का? खाऊ आण,” आत्या म्हणाली. मग हळूच पुढे म्हणाली, “पोरांना डोकं आहे हो. माझ्यावर गेलीत.”

सगळे हसले. बाबा गेले. सुट्टी संपली तशी ठिणगी आणि लिंबूही निघाले. निरोप घेताना आत्याने दोघांच्या शर्टांची बटणं ओढून पाहिली, पक्की आहेत ना म्हणून. रडली नाही. फाटकापर्यंत आली आणि परत वळली.

त्या संध्याकाळी पाणी आलं. आत्याने बादली भरली, नळ घट्ट बंद केला आणि खुर्चीत बसली. मागची भिंत गार होती. तिच्यातून काही म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं. सवयीने आत्याचा हात भिंतीकडे गेला. बोटं दुमडली आणि तिथेच थांबली.

“आत्या?”

दारात शिडी उभी होती. गळ्यात किल्ली, आणि पायाच्या अंगठ्याने उंबरा उकरणं चाललेलं.

“आमच्याकडे अजून कुणी आलं नाही,” ती म्हणाली. “मी काय म्हणते... ठिणगी नाही ना आता. तर मी रोज बाहेरून तुमच्या भिंतीवर टकटक करू का? तुम्हाला ऐकू येईल तेवढीच?”

आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग पायाने दुसरी खुर्ची पुढे सरकवली.

“भिंतीवर कशाला गं? दार आहे ना मला,” ती म्हणाली. “ये आत. आणि ती बाही इकडे कर, उसवलीय.”